बारीक हनुवटीचा फोटो

“हाई मी नही सांगस भो, उत्क्रांती सांगस.”

रनाळ्याच्या रायसिंग फोटोवाल्याचं हे कायमचं वाक्य. कुणाच्या मुलीला नकार द्यायचा असो की कुणाच्या फोटोतलं नाक कमी करायचं असो, तो मान जराशी तिरकी करी, डोळे अर्धे मिटी आणि सगळा भार उत्क्रांतीवर टाकून मोकळा होई. गावातल्या काही म्हाताऱ्यांची समजूत अशी होती की उत्क्रांती ही नंदुरबारच्या कचेरीत बसणारी कुणी मोठी बाई आहे आणि रायसिंगचं तिच्याकडे जाणंयेणं आहे. एकाने तर आपल्या निराधार पेन्शनचं तिच्या कानावर घालायला सांगितलं होतं. रायसिंगने त्याला नाही म्हटलं नाही. मोठ्या माणसाशी ओळख असल्याचा बोभाटा कुणाला नको असतो?

ही उत्क्रांती त्याला मोबाइलवर भेटली. त्याआधीचं त्याचं आयुष्य चारचौघांसारखंच होतं. दहावीला गणिताने अडवलं तसा तो सुरतेला गेला. तिथे साड्यांचे फोटो काढणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली राहिला, दिवे कुठे ठेवायचे ते शिकला, आणि साडी विकायची असली तरी लोक बघतात बाईकडेच, एवढं ज्ञान घेऊन परतला. बरोबर जुना कॅमेरा होता. बसथांब्याजवळ त्याने ‘नवरूप फोटो’ नावाचं दुकान टाकलं. आई होती तोवर रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची आणि थांब्यावर उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडे सून म्हणून बघायची. ती तशीच बघत बघत गेली. रायसिंग चाळिशी ओलांडून गेला, डोक्याला मेंदी लावू लागला, आणि लोकांच्या लग्नात नवरानवरीला “हसा, जवळ या, अजून जवळ” असं सांगण्यात त्याची स्वतःची लग्नाची वर्षं निघून गेली.

मग एका उन्हाळ्यात लग्नसराई संपून दुकानात फक्त माश्या उरल्या होत्या, तेव्हा त्याने एका दाढीवाल्या माणसाचं भाषण ऐकलं. तो सांगत होता की लाखो वर्षांपूर्वी माणूस रानात राहायचा. रानात ज्या पुरुषाला तरुण बाई आवडली त्याची पोरंबाळं वाढली. ज्याला उतरत्या वयाची आवडली त्याचा वंश तिथेच बुडाला. आपण सगळे त्या पहिल्याची लेकरं. म्हणून पुरुषाची नजर आजही तारुण्याच्या खुणा हुडकत फिरते. मोठे डोळे, लहान नाक, बारीक हनुवटी, भरलेले ओठ, नितळ कातडी. तान्ह्या मुलाच्या तोंडावरच्या ज्या खुणा पाहून आपल्याला माया येते, त्यातल्या काही मोठ्या बाईच्या चेहऱ्यात शिल्लक राहिल्या की पुरुष विरघळतो. भाषणाचा दुसरा भाग बायका पुरुषात काय बघतात यावर होता. पण तेवढ्यात रायसिंगचा त्या दिवसाचा नेट संपला, आणि शास्त्र त्याच्यापुरतं तिथेच पूर्ण झालं.

या गोष्टीवरून म्हणे शास्त्रज्ञांमध्ये अजून भांडणं चालू आहेत. कुणी म्हणतं असंच आहे, कुणी म्हणतं मुलखामुलखाची आवड निराळी असते, रानातलं कुणी पाहिलंय? ‘नवरूप फोटो’मध्ये मात्र असं भांडण कधी झालं नाही.

त्या दिवसापासून दुकानात जो येईल त्याचा चेहरा उत्क्रांतीच्या साच्यातून निघू लागला. रायसिंग कॉम्प्युटरवर बसे आणि डोळे फुगवी, नाक दाबी, हनुवटी चिमटी. मुली खूश, मुलींच्या आया त्याहून खूश. माजी सरपंचांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर ते स्वतःच्या नातवाचे धाकटे भाऊ दिसत होते. एका नव्वदीच्या आजीच्या दशक्रियेच्या बॅनरवर तर त्याने आजीला असं काही वयात आणलं की परगावचे लोक स्मशानाच्या रस्त्यावर थांबून विचारू लागले, एवढी तरणी पोर गेली तरी कशी? होता होता रनाळ्यातल्या लग्नाच्या सगळ्या मुली फोटोत एकमेकींच्या सख्ख्या बहिणी दिसू लागल्या. खांडबाऱ्याचे पाहुणे एकदा एकीचा फोटो घेऊन गावात पत्ता विचारत फिरले, तेव्हा प्रत्येक गल्लीने तो फोटो आपल्याच मुलीचा म्हणून सांगितला आणि पाहुण्यांना जागोजागी चहा प्यावा लागला.

स्वतःसाठीही रायसिंग त्याच साच्यातली शोधत होता. वय पंचविशीच्या आत, डोळे मोठे, हनुवटी बारीक. तो मुलगी बघायला जाई तेव्हा गप्प बसून तिच्या ओठापासून हनुवटीपर्यंतचं अंतर नजरेने मोजी, आणि मुलीचा बाप रायसिंगच्या दुकानाची पत्र्याची भिंत नजरेने मोजी. मुलीच्या बापांनाही त्यांची त्यांची उत्क्रांती होती. ती नोकरी आणि पक्कं घर बघे. तरी परत येताना रायसिंग गाडीत सांगे की आपणच नकार दिला. “हनुवटी रुंद व्हती. हाई मी नही सांगस.”

त्याच्या दुकानाला लागून फुलवंताबाईचं शिवणकामाचं दुकान होतं. मध्ये फक्त प्लायवूडचा पडदा, तोही छतापर्यंत न पोचलेला. फुलवंताबाई छत्तिशीची. नवरा काविळीने गेला तेव्हा मूलबाळ नव्हतं. ती भाऊ नारसिंगकडे परत आली आणि मशीन टाकून बसली. बांधा उंच, आवाज मोकळा, कपाळावर दोन आडव्या रेषा. हनुवटी मात्र चांगली रुंद, घट्ट, शेंगदाणे फोडायला घ्यावी अशी. ब्लाउज शिवायला आलेली बाई घासाघीस करू लागली की फुलवंताबाई काही बोलत नसे, हनुवटी फक्त थोडी पुढे काढी, आणि बाई गप्प होई. रोज दुपारी ती पडद्यावरून चहाचा ग्लास पलीकडे सरकवी. रायसिंग तो घेई. कधी तो इकडून सांगे, “साखर कमी शे,” कधी ती तिकडून सांगे, “तुन्हा गाना बंद कर, मन्ही सुई चुकी ऱ्हायनी.” अख्ख्या थांब्याला कळत होतं ते काय चाललंय. पुरुषाची नजर लाखो वर्षं काय हुडकत आली हे ज्याला पाठ होतं, त्याला एकट्याला कळत नव्हतं.

शेवटी नारसिंगच दुकानात आला. विधवा बाईचं पुन्हा लग्न म्हणजे पाट. त्यात मागेपुढे करायला काही नसतं, दोन घरची माणसं बसली की ठरतं. तो सरळ म्हणाला, “रायसिंग, फुलवंताना पाट लावना शे. बाहेर कसाले देखू? तू शेस ना.”

रायसिंगने मान तिरकी केली. मनात त्याच्या काहीतरी हललं होतं, पण त्याने ते कॉम्प्युटरसारखं बंद केलं. म्हणाला, “बाई सोनासारखी शे, नारसिंगभाऊ. पन तिन्ही हनुवटी देख, कपाय देख. पुरुषना डोया तठे थांबत नही. हाई मी नही सांगस भो...”

पुढचं नारसिंगला पाठ होतं. पलीकडे शिलाई मशीन थांबलं होतं. प्लायवूड ते काय, आणि ते झाकणार किती. दुसऱ्या दिवशी पडद्यावरून चहा आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. रायसिंग थांब्यावरच्या टपरीवर पिऊ लागला आणि तिथे त्याला साखर जास्त वाटू लागली.

थंडी सरत आली तेव्हा विसरवाडीहून विचारणा आली. फत्तेसिंग नावाचा माणूस, हायवेवर नाश्त्याचं हॉटेल, बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. त्याच्या आईला, तुळशीबाईला, गुडघ्यांमुळे दोन खेपा जमणार नव्हत्या. तिने निरोप दिला की आधी मोबाइलवर फोटो पाठवा. पसंत पडला तर कुंकू-नारळ घेऊनच येतो.

फुलवंताबाई फोटो काढायला शेजारीच आली. स्टुलावर ताठ बसली.

“पाटले फोटो कसाले?” रायसिंगने विचारलं.

“त्यासले देखना शे. तू काढ.”

“हनुवटी जराशी खाले घे.”

“खाले घिसन बारीक व्हई का?”

रायसिंगने बटण दाबलं. फोटोत ती जशी होती तशी आली, समोर बघणारी, डोळ्यांत थोडा राग असलेली. ती गेल्यावर तो कॉम्प्युटरपाशी बसला. आपल्या हाताखालून गेलेल्या हजार चेहऱ्यांना त्याने विचार न करता चिमटे काढले होते, पण हा चेहरा समोर आल्यावर त्याचा हात थबकला. हा असाच पाठवला तर विसरवाडीवाले नाही म्हणतील, असं त्याच्या मनात आलं. मग दुसरं आलं की नाही म्हणाले तर बरंच. त्या दुसऱ्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की तिचं वाईट केल्याचा दोष आपल्यावर यायला नको म्हणून त्याने उलट टोक गाठलं. डोळे दुप्पट केले, रेषा पुसल्या, गाल फुगवले आणि ती हनुवटी घासून घासून इतकी बारीक केली की फुलवंताबाई विशीत गेली. विसरवाडीहून लगेच निरोप आला: पसंत आहे, येतो.

पाहुणे आले त्या दिवशी नारसिंगने रायसिंगलाही बोलावलं. कुंकू लागताना फोटो नको का? अंगणात खुर्च्या, एक बाज, बाजेवर तुळशीबाई. फत्तेसिंग पन्नाशीच्या अलीकडचा, पोट सुटलेला, बोलण्यात हायवेवरची सतरा मुलखांची भाषा मिसळलेला. म्हातारीची नजर मंद. तिने मोबाइल नाकाला लावून फोटो पाहिला, मग तो अंगणात फिरवला, जसं काही दिव्याने कुणाला शोधतेय.

तेवढ्यात नारसिंगची सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली, गोल चेहऱ्याची पोर. तुळशीबाईने एकदा फोटो पाहिला, एकदा तिला.

“हाईच शे! बठ माय, बठ!”

आणि कुणी काही म्हणायच्या आत म्हातारीने तिला हाताला धरून बाजेवर बसवलं, कपाळाला मळवट भरल्यासारखं कुंकू फासलं आणि नारळ ओटीत टाकला. सून तांब्या धरून तशीच बसली. वडीलधाऱ्या बाईपुढे तोंड कसं उघडायचं? खुर्च्या मांडत असलेला तिचा नवरा विनोद खुर्ची डोक्यावरच ठेवून ओरडला,

“ओ आजी! ओ! ती मन्ही बायको शे!”

अंगण फुटलं. हसून हसून बायका भिंतीला टेकल्या. पण हसू ओसरल्यावर सगळ्यांना कळलं की कुंकू तर लागून गेलं आहे, आणि म्हातारीचा चेहरा उतरला आहे. असा नारळ चुकीच्या ओटीत पडणं कुणालाच बरं वाटत नाही.

“मंग फोटोमानी पोर कोठे शे?” तुळशीबाईने विचारलं.

फुलवंताबाई चुलीपाशी होती. पदराला हात पुसत दारात आली. “फोटोमानी मीच शे, माय.”

म्हातारीने मोबाइल नाकाला लावला, मग तिच्या तोंडाजवळ नेला. “हाई तू? कोनता जन्मनी?”

आता कुणी हसलं नाही. नारसिंगचं तोंड काळं पडलं. एक दाखवून दुसरी पुढे केली असा बोल लागला तर तो नुसत्या फुलवंतावर नाही, घरातल्या पुढच्या सगळ्या पोरींवर लागतो. रायसिंग कॅमेऱ्याच्या मागे उभा होता. ठरलेलं लग्न मोडत होतं, ते त्याच्या डोळ्यांदेखत मोडत होतं, आणि आत कुठेतरी त्याला आनंद होत होता. आपल्याला आनंद का होतोय, हे त्याने आजही उत्क्रांतीला विचारलं नाही.

“फोटो कोणी केला?” फत्तेसिंगने विचारलं. आवाज चढवला नव्हता.

सगळ्यांनी रायसिंगकडे पाहिलं. रायसिंग पुढे आला, मान तिरकी केली आणि जे दुकानात सांगे ते अंगणात सांगू लागला. रान, लाखो वर्षं, मोठे डोळे, तान्ही मुलं, पुरुषाची नजर. “तुम्हना डोयासले पसंत पडना का नही फोटो? पडना. का बरं? तेस्ले पोरं व्हनारी बाई पाहिजे. हाई मी नही सांगस, उत्क्रांती सांगस.”

फत्तेसिंगने शांतपणे ऐकून घेतलं. “माझी पहिल्या बायकोची दोन मुलं आहेत. थोरली बारावीला आहे. मला आणखी नकोत. मग माझ्या डोळ्यांनी काय बघायचं?”

“डोयासले ते माहीत नसस ना.”

“मग पुढच्या वेळी डोळे घरी ठेवून येऊ का?”

मागून कुणीतरी खुसकन हसलं. फत्तेसिंगने तोवर फुलवंताबाईकडे पुरतं पाहून घेतलं होतं. “रानात हॉटेल होतं का रे? माझ्याकडे पहाटे ट्रकवाले येतात. अर्धे झोपेत, अर्धे पिऊन. तुझी ती फोटोतली पोर त्यांना बघून रडेल. ह्या बाई नुसत्या उभ्या राहिल्या तरी ड्रायव्हर आवाज खाली करेल. मला ह्या चालतात. फोटोपेक्षा ह्याच बऱ्या.”

रायसिंगला बाई तान्ह्या मुलाच्या तोंडाची हवी होती, फत्तेसिंगला गल्ल्यावर बसवायला हवी होती. दोघांनी मिळून तिच्या हनुवटीची किंमत अशी अंगणात ठरवली. तिला कुणी विचारलं नव्हतं. फुलवंताबाईला हे समजत नव्हतं असं नाही. पण फत्तेसिंग जे बोलला ते निदान आपल्या तोंडाने बोलला होता, आणि तिच्याकडे बघून. मग ती तुळशीबाईकडे न जाता रायसिंगच्या समोर आली. नारसिंग “फुलवंता” म्हणाला. तिने ऐकलं नाही.

“माले एक सांग,” ती म्हणाली. “उत्क्रांतीनं ऱ्हाऊ दे. ती काय सांगस ते गावले माहीत शे. तू सांग. तुले मन्हं तोंड कसं वाटस?”

बाईने पाहुण्यांसमोर, भावासमोर, असं विचारायचं नसतं. तिने विचारलं. याहून उघडं दार रायसिंगला जन्मात मिळणार नव्हतं, आणि ते लाखो वर्षांच्या माणसाला नाही, रनाळ्याच्या रायसिंगला उघडून दिलं होतं. तो तिच्याकडे बघत होता. डोळे मोठे नव्हते. कपाळावरच्या दोन रेषा नीट दिसत होत्या. चुलीची राख एका गालाला लागली होती, हनुवटी थोडी पुढे होती आणि थरथरत होती. अंगणातल्या बायकांनी पदर तोंडाशी धरले. विनोदनेही खुर्ची डोक्यावरून हळूच खाली ठेवली.

“फोटो,” रायसिंग म्हणाला, “फोटो बदलीसन देस. जसा व्हता तसा. आतेच देस.”

फुलवंताबाईने मान हलवली. “ऱ्हाऊ दे, रायसिंगभाऊ.”

गावातल्या लहानमोठ्या प्रत्येक पुरुषाला ती भाऊ म्हणे. त्याला आजवर तिने कधीच म्हटलं नव्हतं.

मग ती बाजेपाशी गेली, सुनेच्या शेजारी बसली आणि तुळशीबाईपुढे कपाळ केलं. म्हातारीने या वेळी बोटाने आधी तिचा चेहरा चाचपला, कपाळ, गाल, हनुवटी, आणि खात्री झाल्यावरच कुंकू लावलं. नारळ सुनेच्या ओटीतून काढून हिच्या ओटीत आला. कुणीतरी म्हणालं, “अरे फोटो काढ, फोटो!” रायसिंगने कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं, आणि कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवली.

चहा येत होता. तो थांबला नाही. अंगणाच्या काट्यांच्या कुंपणातून बाहेर पडून दुकानाकडे न जाता तो शेताच्या वाटेला लागला, जिथे मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि दुपारच्या उन्हात सगळी जमीन लाल दिसत होती. मेंदी लावलेलं डोकं त्या लालात काही वेळ वेगळं दिसलं, मग दिसेना. फुलवंताबाईची पाठ त्या बाजूला होती. ती वळली नाही. नारसिंग पाहुण्यांच्या कपबश्यांत गुंतला होता. कपाळभर कुंकू घेतलेली सून आणि उन्हासाठी डोळ्यांवर हात आडवा धरून बसलेली तुळशीबाई, या दोघी तेवढ्या वाटेकडे बघत होत्या.

“कोन व्हता तो?” म्हातारीने विचारलं. “चहा बी नही पिना.”

“फोटोवाला,” सून म्हणाली, आणि तीही बघत राहिली.